फ्लिपर पुन्हा अडकला, हे खरं आहे

नमस्कार,

तुम्ही रिव्ह्यू मराठीत लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. दोन तारे दिलेत, त्यावर वाद घालत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दुरुस्तीचे 280 डॉलर घेऊनही तुमच्या 'फनहाऊस' या पिनबॉल मशीनचा डावा फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की चेंडू वर मारणारी दांडी, तीन आठवड्यांत पुन्हा वरच अडकायला लागला. फोन केलात तर मी नऊ दिवसांनंतरची तारीख दिली. मग सांगलीहून आलेल्या तुमच्या वडिलांनी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि फ्लिपर 'लोण्यासारखा' चालू लागला. शिवाय मी कामापेक्षा इतिहासच जास्त सांगतो.

इतिहासाचा आरोप एकदम मान्य. माझी बायकोही हेच म्हणते.

आता फ्लिपरचं. तो पुन्हा अडकला यात चूक माझी आहे, आणि ती काय होती ते इथे सगळ्यांसमोर लिहितो. पहिल्या दिवशी मी आलो तेव्हा फ्लिपर वर अडकलेला असतानाच मशीन बंद करायला सांगितलं होतं, आठवतंय? तुमच्या मुलीने विचारलंही, "काका, बंद करून कसं दुरुस्त करणार?" पण अर्धं निदान तिथेच होतं. वीज गेल्यावर फ्लिपर खाली पडला, तर दोष विजेत असतो. तुमचं मशीन 1990 चं. त्यात कॉइलचा, म्हणजे फ्लिपरला ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, पूर्ण प्रवाह बाजूच्या बटणामागच्या पात्यांतूनच जातो, आणि ठिणग्यांनी ती पाती जळून कधीकधी एकमेकींना चिकटतात. मग बटण सोडलं तरी कॉइल ओढतच राहते आणि थोड्या वेळाने जळका वास येतो. तुमचा फ्लिपर मात्र वीज गेल्यावरही वरच राहिला. म्हणजे कॉइलने ओढणं सोडलं होतं, लोखंड अडकलं होतं.

फळी उचलून कॉइलचा स्टॉप काढला, तर आतून प्लंजर निघाला तो टोकाशी पसरलेला. छिन्नीचं डोकं हातोडीने ठोकून ठोकून जसं छत्रीसारखं फुलतं, अगदी तसा. प्रत्येक वेळी बटण दाबलं की हा पोलादी दांडा कॉइलमध्ये ओढला जातो आणि शेवटच्या लोखंडी स्टॉपवर आपटतो. अशा हजारो आपटींनंतर कड बाहेर येते आणि नायलॉनच्या नळीत, म्हणजे स्लीव्हमध्ये, घासायला लागते. घासून निघालेली काळी पूड आतच साठते. परतीच्या स्प्रिंगमध्ये तेवढं ओढायची ताकद नसते आणि फ्लिपर वर टांगून राहतो.

इथे मी शहाणपणा केला. स्लीव्ह नवी घातली, ते योग्यच. पण प्लंजर आणि स्टॉप नवे टाकायच्या ऐवजी प्लंजरच्या कडेला कानस मारली, फुगवटा काढला आणि तोच परत बसवला. तुमचे तीस-एक डॉलर वाचतील, असा हिशेब. खड्डा पडलेला स्टॉपही तसाच ठेवला. म्हणजे नीट केलेलं टोक पुन्हा त्याच वाकड्या तोंडावर आपटायला लागलं. त्यात शाळेची सुट्टी आणि घरात तीन मुलं. ते तीन आठवडे टिकलं हेच नवल. कानस मारून भागवायचं काम रविवारच्या पार्टीपुरतं ठीक असतं, पैसे घेऊन करायचं नसतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

नऊ दिवसांचं म्हणाल, तर माझ्याकडे दोन हात आणि एक जुनी व्हॅन आहे. तरी आपण केलेलं काम बिघडलं असेल, तर त्या माणसाचा नंबर रांगेत पुढे यायला हवा होता. तो मी घेतला नाही.

पण तेलाबद्दल मात्र मला बोलू द्या. तुमच्या बाबांबद्दल पूर्ण आदर ठेवून बोलतो. माझ्या आईच्या पायमशीनला दर दिवाळीला तेल मीच घालायचो, त्यामुळे त्यांचा हात त्या बाटलीकडे का गेला ते मला कळतं. शिवणयंत्रात धातूवर धातू फिरतो, तिथे तेल हवंच. इथे मात्र पोलाद नायलॉनच्या नळीत धावतं आणि ते कोरडंच धावायला हवं. तेल पडल्यावर पहिले काही दिवस खरंच लोण्यासारखं वाटतं. मग तेच तेल काळी पूड आणि घरातली धूळ धरून ठेवतं, त्याचा चिखल होतो आणि फ्लिपर आधीपेक्षा वाईट अडकतो. मी हे इतक्या घरांत पाहिलंय की फ्लिपर 'गोंदासारखा' झालाय असं कुणी फोनवर म्हणालं, की आधी तेलाचीच चौकशी करतो.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. तुम्ही टाकलेल्या फोटोत चमक फक्त कॉइलवर नाही, शेजारच्या स्विचच्या पात्यांपर्यंत गेलेली दिसते. तो स्विच साधा नाही. फ्लिपरच्या कॉइलमध्ये तारेचे दोन वेढे असतात. जाड तारेचा जोरात ओढतो, बारीक तारेचा नुसता धरून ठेवतो. फ्लिपर वर पोचला की हा स्विच उघडतो, म्हणजे त्याची पाती सुटी होतात, आणि जाड वेढा बाजूला पडतो, म्हणून तर बटण दाबून धरलं तरी कॉइल जळत नाही. दर वेळी उघडताना तिथे बारीक ठिणगी पडते. त्या ठिणगीत तेल जळतं आणि काजळी धरते. मग पाती एकमेकींना टेकलेली असूनही प्रवाह धड जात नाही, फ्लिपर दुबळा होतो आणि चेंडू वरच्या रॅम्पपर्यंत पोचत नाही. तेव्हा तुम्ही म्हणाल, कॉइल गेली. ती गेलेली नसते.

म्हणून विनंती: मी येईपर्यंत मशीनचा प्लग काढून ठेवा. मुलांना वाईट वाटेल, त्यांना माझं नाव सांगा. आत हात घालू नका आणि आणखी काही फवारू नका, डब्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी.

इतिहासाबद्दल दोनच वाक्यं, ती फुकट. फ्लिपर हा प्रकार इथलाच, शिकागोच्या गॉटलीब कंपनीने 1947 साली आणला; त्याआधी चेंडू सोडला की पिनांमधून जाईल तिकडे जायचा. तुमचं मशीन विल्यम्स कंपनीचं, तीही शिकागोचीच, आणि तिने 1999 साली पिनबॉल बनवणं बंद केलं, पण फ्लिपरचे सुटे भाग आजही नवे मिळतात. हेच मी त्या दिवशी वीस मिनिटं सांगत होतो. त्या वीस मिनिटांत प्लंजर बदलून झाला असता.

तर येत्या शनिवारी सकाळी दहाला येतो. डाव्या फ्लिपरला नवा प्लंजर, नवा स्टॉप, नवी स्लीव्ह, नवी स्प्रिंग. स्विचची पाती पुसून, घासून, अंतर पुन्हा बसवून. फ्लिपर आणि खालच्या बुशिंगमधली (ज्या नळीत त्याचा दांडा फिरतो) बारीक फटही पुन्हा तपासतो. चिमटीत धरून वर-खाली केला, की किंचित खडखडला पाहिजे, नाहीतर तो तिथेच घासतो. या सगळ्याचे पैसे नाहीत, तेल पुसण्याचेही नाहीत. उजवा आणि वरचा फ्लिपरही उघडून दाखवीन. ते करायचे की नाही ते तुम्ही ठरवा, आणि करायचे असतील तर आधी भाव सांगीन.

बाबांना त्या वेळी घरीच राहायला सांगा. जुना प्लंजर त्यांच्या हातात द्यायचाय. त्याच्या टोकावर बोट फिरवलं, की त्यांना मी लिहिलेल्या या सगळ्यापेक्षा जास्त कळेल.

आणि नाण्यांच्या दाराची चावी तेवढी शोधून ठेवा. मागच्या वेळी ती शोधण्यात पाऊण तास गेला, आणि तो मी बिलात धरला नव्हता.