उरलेलं वाद्य

कॉलेजच्या एका कार्यक्रमात निवेदिकेने माझी ओळख 'सात वाद्यांवर प्रभुत्व असलेला अष्टपैलू कलाकार' अशी करून दिली. सात वाद्यं आणि आठ पैलू यांचा हिशेब लागेना, म्हणून मी विंगेत उभ्या उभ्या बोटं मोजली. पेटी, तबला, माउथ ऑर्गन, ट्रँगल, बास गिटार, ड्रम्स, कीबोर्ड. सात भरली खरी. 'प्रभुत्व' या शब्दाला मात्र माझ्या मागे उभ्या असलेल्या ड्रमरला ठसका लागला.

त्याचं काही चुकलं नाही. पण त्यालाही ठाऊक नसलेली गोष्ट अशी की यातलं एकही वाद्य मी निवडलेलं नाही. सगळी उरलेली होती. दरवेळी कुठली तरी जागा रिकामी राहायची, मी जवळपास असायचो, आणि देवाने मला 'नाही' म्हणण्याजोगा चेहराच दिलेला नाही.

सुरुवात तबल्यापासून झाली. म्हणजे मी शिकायला गेलो तबला. क्लासमध्ये आम्ही पाच मुलं आणि तबल्याचे जोड चार. सरांनी आमच्याकडे पाहिलं, जोडांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. "तू पेटीवर बस. आजच्या दिवस."

तो दिवस अडीच वर्षं चालला.

ज्यांनी तबल्याला पेटीची साथ केलेली नाही त्यांना लेहरा म्हणजे काय ते सांगायला हवं. तबलजी आपले कायदे, रेले, तुकडे वाजवत असतो. तो कुठवर पोचला हे त्याला आणि ऐकणाऱ्याला कळावं म्हणून पेटीवाला एक ओळ वाजवतो. तीनतालात सोळा मात्रांची एक ओळ. ती संपली की पुन्हा तीच. आलाप नाही, तान नाही, मनाला येईल ते तर मुळीच नाही. एका सेकंदाला एक मात्रा धरली तर चाळीस मिनिटांत ती ओळ दीडशे वेळा होते. मी मोजलंय. मोजण्याखेरीज तिथे दुसरं करमणुकीचं साधनच नव्हतं. पुढे पुढे मी लेहरा वाजवता वाजवता मांडीवर गोष्टीचं पुस्तक ठेवून वाचू लागलो. पान उलटायची वेळ आली की समेच्या, म्हणजे ओळीच्या पहिल्या मात्रेच्या, आधी घाई व्हायची आणि चारही तबलजींना वाटायचं, आपलंच काही तरी चुकलं. सर त्यांना रागवायचे. मी पुढचा परिच्छेद वाचायचो.

या काळात तबल्याचे सगळे बोल माझ्या कानांत आणि तोंडात बसले. फक्त हात राहिले. अखेर एका मुलाने क्लास सोडला, चौथा जोड मोकळा झाला आणि मी तबल्यावर बसलो. तोंडाने 'धा धिं धिं धा' खणखणीत, उजवा हात बरा, पण डावा हात डग्ग्यावर घुमारा काढण्याऐवजी हवा भरू लागला. सवय! अलेक्सांद्र दबँ यांनी १८४२ साली पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा त्या वाद्याचा भाता पायांनी मारायचा होता. आपल्याकडे ती पेटी जमिनीवर आली, पायांची सुटका झाली आणि डाव्या हाताला जन्मठेप झाली. माझा डावा हात त्यातला. सरांनी डग्ग्याकडे बघून विचारलं, "पंक्चर झालाय का तो?"

घरी रियाज पेटीचाच, कारण घरी पेटी होती. तीही उरलेलीच, आजोबांच्या भजनी मंडळातली. पेटीची विद्वानांनी कायमच हेटाळणी केली. तिला मींड घेता येत नाही, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, तिचे सूर एकदा बसवले की बसले, आणि तिचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले जवळजवळ चौदा भाग चढा. अशाच तक्रारींवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी केली आणि १९७१ पर्यंत टिकवली. आमच्या आईची बंदी फक्त दुपारी दोन ते चार असायची, पण आकाशवाणीपेक्षा कडक होती. तिला फक्त गंधाराबद्दल तक्रार नव्हती. बाकीच्या सहा सुरांबद्दलही तितकीच होती.

मग मामाने गाव बदललं आणि जाताना त्याचा माउथ ऑर्गन माझ्या हातात ठेवला. "नेत नाहीये, तुला राहू दे." लहानपणी मामा तो सुरेख वाजवायचा, फक्त कुठलंही गाणं अर्ध्यावर सोडून एकदम हसायचा आणि "पुढचं नंतर" म्हणायचा. आम्हाला ती त्याची लकब वाटायची. स्वतः वाजवायला घेतल्यावर उलगडा झाला. त्या दहा भोकांच्या माउथ ऑर्गनमध्ये फुंकलं की सा, ओढलं की रे, असं छान सुरू होतं, पण खालच्या सप्तकात मध्यम आणि धैवत नाहीतच! विसरले नाहीत, मुद्दाम ठेवलेले नाहीत, म्हणजे तिथे भोकं न बदलता भरगच्च कॉर्ड (एकदम वाजणारे जुळते सूर) वाजतात. पूर्ण सप्तक हवं तर चौथ्या भोकापासून सुरू करायचं. मामाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तो पहिल्या भोकापासून निघायचा आणि मध्यम आला की हसायचा.

शाळेच्या बँडमध्ये ट्रँगल मिळाला. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की एकतीस आवर्तनं गप्प उभं राहून बत्तिसाव्याला 'टिंग' करायचं होतं, आणि मी एकोणतिसाव्याला केलं. लेहऱ्याने दीडशेपर्यंत मोजायला शिकवलेला माणूस एकतीसला चुकला याचं मला आजही वाईट वाटतं.

कॉलेजात आलो आणि बँडची जाहिरात दिसली. जाहिरात म्हणजे कॅन्टीनच्या भिंतीवर चिकटवलेला वहीचा कागद. पाच जण जमले. एक गायक आणि चार गिटारवाले. कुठल्याही कॉलेजात बँड काढा, चार गिटारवाले मिळतात, हा निसर्गनियमच आहे. पाचवा गिटारवाला म्हणून दारात मी उभा. (दोन महिन्यांत तीन कॉर्ड शिकलो होतो. चौथी एफ, तिच्यासाठी एका तर्जनीने सहाच्या सहा तारा दाबायच्या असतात. ती मी गाणं बदलून टाळायचो.) चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती नजर मी ओळखली. तबल्याच्या सरांची.

"बास वाजवशील?"

हा प्रसंग सगळ्यांवर येतो. १९६१ मध्ये बीटल्स या बँडचा बासवादक स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला तेव्हा बास घ्यायला कोणी राजी नव्हतं, आणि शेवटी तो पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडला. मॅकार्टनीच्या आणि माझ्या कारकिर्दीत इथपर्यंत कमालीचं साम्य आहे.

बास गिटारला चार तारा. सहाच्या मानाने दोनाची बचत, असं मला वाटलं होतं. पण ते वाद्य असं की वाजत असताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि थांबलं की सगळे दचकून वर बघतात, पंखा बंद पडल्यासारखे. पहिल्या कार्यक्रमानंतर एक मैत्रीण म्हणाली, "मस्त झालं! तू का नाही वाजवलंस?" मी तिच्यासमोर पाऊण तास वाजवत होतो.

बँडमध्ये माझा खरा उपयोग निराळाच निघाला. गायक होता शास्त्रीय शिकलेला, गिटारवाले इंटरनेटवरून शिकलेले, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पेटीवाल्यांच्या जगात सुराला नाव नसतं, पत्ता असतो. काळी एक, पांढरी चार, काळी पाच. गिटारवाल्यांच्या जगात इंग्रजी मुळाक्षरं असतात. गायक म्हणायचा, "मी काळी दोनमध्ये गातो." गिटारवाले म्हणायचे, "कुठली काळी? आमच्याकडे सगळ्याच तारा पांढऱ्या."

मी मध्ये बसून सांगायचो, "काळी दोन म्हणजे डी शार्प."

"डी शार्प!" चौघंही एका सुरात किंचाळायचे. तेवढ्यापुरतेच ते एका सुरात असत. "डी शार्पमध्ये कोण गातं? त्याला सांग, डी घे."

"ते म्हणतात पांढरी दोन घे."

"गळा म्हणजे काय ड्रॉवर आहे, हवं ते काढायला?" गायक शाल नसतानाही शाल सावरल्यासारखा हात करायचा.

मग मी गिटारच्या पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावायचो. वाजवायचं डीसारखं, निघायचं डी शार्प. दोन्ही पक्षांना वाटायचं समोरचा नमला. पुढच्या महिन्यात एक गायिका आली आणि म्हणाली, "माझी काळी पाच." मी काही न बोलता कॅपो तिसऱ्या फ्रेटवर सरकवला आणि म्हटलं, "जी वाजवा." मॅकार्टनीला एवढं राजकारण करावं लागलं असेल असं वाटत नाही.

त्यानंतर ड्रमर मिळाला, आणि न येऊ लागला. ड्रमरचा दोष नाही. गिटारवाला पाठीवर गिटार टाकून निघतो, गायक तर रिकामाच येतो, ड्रमरला मात्र घर हलवावं लागतं. तो आला नाही की कोणी काही विचारायचं नाही. नुसतं वळून माझ्याकडे बघायचं.

ड्रम्समध्ये उजवा हात हाय-हॅटवर (जोडझांजेवर) चार ठोक्यांत आठदा वाजवतो, डावा दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला स्नेअर मारतो, उजवा पाय किक सांभाळतो, आणि डावा पाय हाय-हॅट दाबून धरतो. चार अवयव, चार स्वभाव, एकच डोकं. माझ्या डोक्यात तर तीनताल भरलेला. चौथा ठोका संपून पुन्हा 'एक' यायचा तेव्हा माझं मन म्हणायचं, छे, इतक्यात सम कशी, अजून बारा मात्रा आहेत. मी दर सोळा ठोक्यांनी एकदा मान हलवून झांजेवर जोरात सम घ्यायचो. मधल्या तीन 'एकां'ना मी कुठे असायचो ते सांगता येत नाही. रॉक गाण्यात तबलजीसारखी मान हलवणारा ड्रमर पाहून गायक खूश झाला. गिटारवाले नाही झाले.

आणि मग कीबोर्ड. कीबोर्डवाल्याची परीक्षा आली आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्याच दिवशी. यावेळी मी घाबरलो नाही. कीबोर्ड म्हणजे भाता नसलेली पेटी, आपलं माहेर. चार गिटारवाल्यांपैकी एकाची बाससाठी समजूत घातली (तो रडला नाही, पण बोललाही नाही) आणि आम्ही रंगमंचावर चढलो. कीबोर्ड आयोजकांचा, आमच्या आधीच्या बँडने वाजवलेला.

सुरुवातीचा तुकडा माझा एकट्याचा होता. तो सुंदर झाला. एकटा माणूस कधी बेसूर नसतो. मग गिटार आली.

काय झालं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. दोन घरांतले टीव्ही एकाच वेळी वेगवेगळे लागले तर जसं वाटेल तसं. मी गिटारवाल्याकडे पाहिलं. त्याने दचकून गिटारच्या खुंट्या पिळायला घेतल्या. बासवाल्याने मघाचा राग धरून मुद्दाम आवाज वाढवला. गायकाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गिटारकडे पाहिलं आणि सुसंस्कृत माणूस असल्यामुळे दोघांच्या बरोब्बर मधला सूर लावला. पुढची साडेचार मिनिटं आम्ही तिन्ही सप्तकांत भांडत होतो. शेवटच्या कडव्याला माझं लक्ष त्या कीबोर्डच्या छोट्या पडद्याकडे गेलं. तिथे कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ट्रान्सपोज, अधिक दोन. आधीच्या वादकाने आपल्या सोयीसाठी सगळे सूर एक अख्खा स्वर वर चढवून ठेवले होते आणि तसेच सोडून गेला होता. मी पांढरी एक दाबत होतो, वाजत होती पांढरी दोन. म्हणजे गिटारवाला पहिल्यापासून सुरात होता. आता त्याने तारा पिळून पिळून माझ्या सुराला आणल्या होत्या, आणि नेमकं त्याच क्षणी मी बटण दाबून शून्यावर आलो.

आम्ही वाजवलं होतं ते घरोघरी माहीत असलेलं गाणं होतं. कार्यक्रमानंतर एक परीक्षक जवळ आले आणि आपुलकीने म्हणाले, "ते मधलं गाणं तुमचं स्वतःचं का रे?"

शेवटच्या वर्षीच्या कार्यक्रमाला मात्र आक्रीत घडलं. सगळे आले. ड्रमर वेळेवर, कीबोर्डवाला पास होऊन, बासवाला बासवर प्रेम जडलेला. तालमीच्या खोलीत मी प्रत्येक वाद्यामागे जाऊन बघून आलो. सगळीकडे माणूस होता.

"मग मी?"

जराशी शांतता पसरली. "तू... तू समोर बस ना," गायक म्हणाला. "कसं ऐकू येतंय ते सांग."

म्हणून मी सभागृहाच्या मागच्या टोकाला ध्वनिव्यवस्थावाल्याशेजारी जाऊन बसलो. त्याच्यापुढे मिक्सर, त्यावर चोवीस सरकते खटके आणि त्याहून दुप्पट-तिप्पट गोल बटणं. "तुम्ही काय वाजवता?" त्याने विचारलं. मी बोटं मोजायला घेतली. पाचव्या बोटाला त्याचा फोन वाजला. तो उठला, रंगमंचाकडे नजर टाकली, मग माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखली.

"जरा बघता का? काही करायचं नाही. हा लाल दिवा लागला की हे खाली घ्यायचं, बस."

"अहो, मला यातलं काही..."

"सोपं असतं हो," तो दाराकडे जात म्हणाला. "आजच्या दिवस."

मी त्याच्या खुर्चीत बसलो. समोर ड्रमरने चार मोजले, गिटार सुरू झाली, उजव्या हाताने मी पहिला खटका धरला. डावा हात आपोआप मागे जाऊन भाता शोधू लागला.