आमचा पोरगा कंट्रीत असतो

'कंट्री' म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटी, लोखंडी जाळी, जाळीतून आत गेलेले चार-पाच हात, बाहेर उकडलेल्या अंड्यांची गाडी आणि कडेला भिंतीला टेकून बसलेला एक तत्त्वज्ञ. त्यामुळे मी टेक्सासहून फोनवर आईला म्हणालो, "मी दर शुक्रवार-शनिवार कंट्री बारमध्ये असतो," तेव्हा तिकडून बराच वेळ फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली. मग तिने हळूच विचारलं, "नोकरी गेली हे आधी का नाही सांगितलंस?"

नोकरी खरंच गेली होती, तो भाग वेगळा.

"अगं, कंट्री हा गाण्याचा प्रकार आहे. इकडचं गावाकडचं गाणं म्हण."

"कशावर असतात गाणी?"

"जुना ट्रक, कुत्रा, पाऊस, आई, सोडून गेलेली बायको..."

"आणि दारू?"

"ती असतेच."

"मग कंट्रीच की."

यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

कॉलेजात असताना मी सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. मग रीतसर इंजिनियर झालो, अमेरिकेत आलो आणि गिटार कपाटात गेली. एच-वन व्हिसावर माणसाने ज्या कंपनीसाठी व्हिसा मिळाला तिचंच काम करायचं असतं, बारमध्ये शंभर डॉलर कमावणंही बेकायदा. ग्रीन कार्ड आलं आणि तीनच महिन्यांत कंपनीने नारळ दिला. तेव्हापासून मी दिवसा पोरांना गिटार शिकवतो, रात्री बँडमध्ये वाजवतो आणि घर बायकोच्या पगारावर चालतं. कलावंताच्या आयुष्यातला हा शेवटचा भाग जगभर सारखाच असावा.

ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओच्या मधल्या पट्ट्यात नाचाचे जुने हॉल बरेच आहेत. जर्मन आणि चेक लोक इथे येऊन वसले, त्यांनी ते बांधले. त्यातला ग्रीन हॉल तर 1878 सालचा आणि अजून चालू आहे. आमचा बार तसला ऐतिहासिक नाही. हमरस्त्याला लागून पत्र्याचं छप्पर, एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

वादकांनी पुढच्या दारातून यायचं नसतं. मागे कचऱ्याचे डबे, मग भटारखाना, मग एक अरुंद बोळ आणि मग स्टेज. या वाटेने माझा 35 किलोचा स्पीकर मी एकटा नेतो, कारण त्याच वेळी गायकाला महत्त्वाचा फोन येतो. तो दर शनिवारी सव्वाआठला येतो.

टोपी सक्तीची आहे. आजवर मला टोपी लोक घालत आले. ही पहिलीच, जी मी स्वतःच्या पैशाने, 60 डॉलर मोजून, स्वतःला घालून घेतली. कंपनीत दिलेल्या तेरा वर्षांचा हिशेब यात धरलेला नाही.

कामाचं म्हणाल तर कंट्रीतला बेस म्हणजे रात्रभर 'सा' आणि 'प'. सा, प, सा, प. मधूनच 'म'वर जायचं, पाणी पिऊन यावं तसं परत यायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, एवढं शिकून काय हे! मग लक्षात आलं, हे तंबोऱ्याचंच काम आहे, फक्त उभ्याने करायचं. तंबोऱ्यामागच्या शिष्याचं नाव निवेदक शेवटी तरी घेतो. माझं इथे कुणी घेत नाही. घेतलं तरी ते माझं आहे हे मला कळत नाही.

इथे कागदावर स्वरलिपी वगैरे नसते, आकडे असतात. 1950च्या दशकाच्या शेवटी नॅशव्हिलच्या स्टुडिओत नील मॅथ्यूज नावाच्या गायकाने ही सोय काढली. पट्टी कुठलीही असो, तिच्यातला पहिला सूर म्हणजे 1, चौथा 4, पाचवा 5. त्या सुरांवरचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे जुडगे, याच आकड्यांनी ओळखायचे. गायकाचा घसा बसला आणि पट्टी खाली आणावी लागली तरी आकडे तेच. मला हे समजवायला ढोलकरी, म्हणजे ड्रमवाला, अर्धा तास बसला होता. मी त्याला म्हटलं, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सा-रे-ग-म येतं, आणि 'सा' कुठल्या पट्टीत लावायचा ते गाणारा ठरवतो. तो म्हणाला, मग तू आधी का नाही बोललास? मी म्हटलं, तू इतकं छान सांगत होतास.

हे आकडे वाजवता वाजवता बोटांनी दाखवतात. गायक लोकांकडे तोंड करून गातो आणि एक हात पाठीमागे धरून आम्हाला खुणा करतो. चार बोटं, चारवर जा. पाच बोटं, पाचवर. मूठ आवळली की गाणं संपवा. पद्धत उत्तम आहे. फक्त बोटं दाखवायची इतरही कारणं जगात असतात, हे मॅथ्यूजसाहेबांच्या ध्यानात आलं नसावं.

नऊला पहिला सेट सुरू होतो. नाचायच्या जागेवर आधी मक्याचं बारीक पीठ भुरभुरतात, बूट नीट घसरावेत म्हणून. दहापर्यंत ते पीठ हवेत चढतं. गिरणीत दळणाला उभं राहून वाजवतोय असं वाटतं. जोड्या 'टू-स्टेप' नाचतात. दोन पावलं झटपट, दोन सावकाश, आणि सगळी वरात हॉलभर गोल फिरते, घड्याळाच्या उलट दिशेने. पहिल्या रात्री मला भयंकर अस्वस्थ झालं. दोनशे माणसं उलटी प्रदक्षिणा घालतायत आणि मध्ये देव नाही, रिकामी जागा. बोळातून बारकडे जाताना मी अजूनही उजवं घालूनच जातो आणि रोज कुणातरी आडदांड माणसाच्या छातीवर आदळतो.

आमच्यातला एकमेव खरा कलावंत म्हणजे पेडल स्टील वाजवणारे आजोबा. दहा तारा, पायाखाली पेडल, गुडघ्यांना अडकलेल्या दांड्या. वाजवताना ते शिवणयंत्रावर बसल्यासारखे दिसतात आणि आवाज असा की ऐकणाऱ्याची बायको सोडून गेली नसली तरी गेल्यासारखी वाटावी. या वाद्याचं मूळ हवाईयन गिटार. आमच्या ऑर्केस्ट्रात एक काका तेच मांडीवर आडवं घेऊन सिनेमातली गाणी वाजवायचे. मी हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "ते काका ट्यूनिंग किती वेळ करायचे?" मी म्हटलं, "मध्यंतरापर्यंत." तेव्हापासून आजोबा मला आपला मानतात.

जेवण वादकांना फुकट आहे, पण मी शाकाहारी. बीन्स मागवले तर त्यात डुकराचं मांस. 'चिकन फ्राइड स्टेक' आधीच माझ्यासाठी नाही, त्यात त्याच्यात चिकनही नसतं, गोमांस असतं. हा प्रकार तर मला फसवणूक वाटतो. एके रात्री शेजारच्या टेबलावर ओळखीचं काहीतरी दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर भेंडी! गोल चकत्या, मक्याच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळलेली. टेक्सासच्या हमरस्त्यावर, रात्री अकरा वाजता, डोक्यावर काउबॉयची टोपी घालून मी भेंडी खाताना भावुक झालो. भटारखान्यात कळलं की ज्या तेलात ती तळतात त्याच तेलात सगळं तळतात. पण ते कळायच्या आत बशी रिकामी झाली होती, आणि खाल्लेलं अन्न काढू नये.

स्टेजपुढे लोणच्याची पाच किलोची काचेची बरणी असते, तिच्यात लोक पैसे टाकतात. तमाशातला दौलतजादा तो हाच, फक्त इथे देणाऱ्याचं नाव पुकारत नाहीत. सोबत कागदी रुमालावर फर्माईश येते. निम्म्या फर्माइशी आम्ही नुकत्याच वाजवलेल्या गाण्याच्या असतात.

आता त्या शनिवारचं सांगतो. तिसरा सेट, साडेअकरा. संथ वॉल्ट्झ चालू होता, तीन मात्रांचा, दिवे मंद. गायक डोळे मिटून लांब 'सा' धरून उभा. तेवढ्यात त्याने हात डोक्यावर नेला आणि दोन बोटं दाखवली. आज हात पाठीमागे नाही, वर आहे, म्हणजे काहीतरी खास हवंय. मी तत्परतेने 2वर गेलो. स्टीलवाले आजोबा पन्नास वर्षांच्या अनुभवाने गायकाकडे बघत नाहीत, बेसकडे बघतात. त्यांनीही माझ्यामागून 2वर असा काही हुंदका काढला की समोरची एक बाई नाचता नाचता थबकली. ढोलकऱ्याला काही फरक पडत नव्हता.

गायकाने डोळे उघडले. वळून माझ्याकडे दात-ओठ खात दोन बोटं पुन्हा नाचवली. त्याचा अर्थ 'दोन कशाला वाजवतोयस?' असा होता. मी घेतला, 'दोनच, दोनच, सोडू नकोस.' मी मान डोलावली आणि जोर वाढवला. आठ आवर्तनं आम्ही 2वर तंबू ठोकून होतो. गायक एकटाच 1वर, पूर आलेल्या नदीत झाडावर अडकलेल्या माणसासारखा.

त्याने बोटं दाखवली होती बारवाल्याला. दोन बिअर. बारवाल्याने खूण दोनदा पाहिली, म्हणून चार पाठवल्या.

त्या रात्रीच्या फुकट बिअर आधीच संपल्या होत्या. पुढची प्रत्येक 4 डॉलर. हिशेबाच्या वेळी गायकाचं म्हणणं पडलं की दोन ऐवजी चार माझ्यामुळे झाल्या आणि मूळच्या दोन त्याला माझं वाजवणं विसरायला लागल्या, तेव्हा चारही माझ्या खात्यावर. मी पीत नाही, हा मुद्दा कुणी विचारात घेतला नाही. ढोलकऱ्याने त्यातली एक माझ्यादेखत संपवली.

स्पीकर गाडीत घालून निघालो तेव्हा दीड वाजला होता, म्हणजे सोलापुरात दुपारचे बारा. आईचा फोन आलाच.

"सुटला का रे बार?"

"सुटला."

"मिळाले पैसे?"

"हो. शंभर ठरलेले, बरणीतले तेवीस. त्यातले सोळा दारूचे कापले."

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मग मागून बाबांचा आवाज आला, शाळेत शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा.

"बघ! मी म्हटलं नव्हतं? तिथंच कमावतो आणि तिथंच पितो!"