व्याज ‘कॅपिटलाइज’ झालं म्हणे! सरळ सांगा ना, मुद्दलात घातलं

चार दिवस झाले, डोकं शांत होत नाही. म्हणून लिहून टाकतेय.

लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी २०२० साली आम्ही शैक्षणिक कर्ज काढलं. सहा लाख. दर वर्षी दीड लाख, थेट कॉलेजच्या खात्यात. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नाही (बँकेच्या भाषेत ‘मोरेटोरियम’), निवांत राहा, असं सांगितलं होतं. पोरगी शिकली, नोकरीला लागली. आता हप्ते सुरू व्हायचे म्हणून मी बँकेतून कर्जखात्याचा उतारा काढून घेतला. खाली बाकी किती? आठ लाख वीस हजार पाचशे. आणि त्याच्यावर इंग्रजीत एक ओळ: ‘इंटरेस्ट कॅपिटलाइज्ड’.

खिडकीतल्या मुलाला विचारलं, हे काय आहे? “काकू, इंटरेस्ट कॅपिटलाइज झालंय.” म्हणजे काय झालंय? “म्हणजे मोरेटोरियम संपला ना, मग सिस्टीमनं कॅपिटलाइज केलं.” अरे बाबा, पण म्हणजे केलं काय? “काकू, ते ऑटोमॅटिक होतं.” मागं रांग वाढत होती, लोक माझ्याकडं अडाणी बाईकडं बघावं तसं बघत होते. शेवटी मीच म्हटलं, “म्हणजे साठलेलं व्याज मुद्दलात घातलं, आणि आता त्या व्याजावर पण व्याज लागणार?” तर म्हणतो, “हां काकू, तेच.”

तेच! मग तेच आधी बोलायला जीभ जड होते का? मी बावीस वर्षं आमच्या भुसार दुकानाची वही लिहिते. मुद्दल, व्याज, उधारी, येणं-देणं हे शब्द माझ्या रोजच्या तोंडातले आहेत. व्याज मुद्दलात घातलं म्हटल्यावर दुकानात गोणी उचलणाऱ्या हमालालाही एका क्षणात कळतं की कुठं भोक पडलंय. ‘कॅपिटलाइज’ म्हटलं की वाटतं काहीतरी मशीनमधली बाब असेल, आपल्याला काय त्याचं. म्हणूनच तो शब्द वापरतात, असं माझं स्पष्ट मत झालंय.

आता हिशोब बघा. दर मधे थोडा खालीवर झाला, पण सरासरी साडेदहा टक्के धरा. शिक्षण चालू असताना व्याज सरळव्याजानं लागतं, हे खरं आणि ते योग्यच आहे. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. बेरीज दोन लाख वीस हजार पाचशे. हप्ता लावायच्या दिवशी ही रक्कम सहा लाखांत मिळवली, आणि त्या दिवसापासून ती व्याज उरली नाही, मुद्दल झाली. दहा वर्षांच्या मुदतीत सहा लाखांचा हप्ता साधारण ८,१०० रुपये बसला असता. तो आता ११,०७० बसतोय. महिन्याला जवळजवळ तीन हजार जास्त, असे १२० महिने. म्हणजे २ लाख २० हजारांचं व्याज फेडायला माझी पोरगी ३ लाख ५७ हजार भरणार.

आणि हे टाळता आलं असतं, याचाच जास्त संताप येतो. व्याज शिक्षण चालू असतानाही दरमहा भरता येतं. पहिल्या वर्षी ते होतं महिन्याला १,३१२ रुपये. दुसऱ्या वर्षी २,६२५. शेवटी शेवटी सव्वापाच हजार. पहिली दोन वर्षं तर आम्ही दुकानाच्या गल्ल्यातून सहज भरली असती, पुढचंही ओढाताण करून जमवलं असतं. वर व्याज असं भरत राहणाऱ्याला दरात एक टक्का सवलत देता येईल, अशी तरतूद बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतच आहे. आम्हाला कुणी सांगितलं? कुणीही नाही. पैसे आधी गेले असते, कळतं मला. पण ते आधी द्यायचे की नंतर, हे मी ठरवलं असतं. सांगितलंच नाही, तर ठरवणार काय कपाळ?

त्या कर्जाचा अर्ज मला अजून आठवतो. मी सुवाच्य अक्षरात भरून नेला होता, तो परत दिला. का? तर इंग्रजी कॅपिटल लेटर्समध्ये नाही. एका चौकटीत एकच अक्षर, सगळी मोठी. आपल्या लिपीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर असा भेदच नाही; ‘क’ वाक्याच्या सुरुवातीला आला काय नि मधे आला काय, ‘क’च. तरी मी बाकावर बसून नाव, सासऱ्यांचं नाव, गाव, पोस्ट, तालुका सगळं एकेक अक्षर मोठं काढून पुन्हा लिहिलं. अर्धा दिवस गेला. अक्षराच्या आकारासाठी माझा अर्ज अडवणाऱ्या माणसाला त्याच फायलीतल्या ‘कॅपिटलाइज’ शब्दाचा अर्थ सांगायला दोन मिनिटं नव्हती.

बातम्यांतही हाच प्रकार. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, शेअर बाजार आपटला तेव्हा मार्केट कॅपिटलायझेशन ३१ लाख कोटींनी घटलं आणि टीव्हीवर ओरडा, ‘गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले’. आमच्या शेजारच्या भाऊंनी घाबरून दुसऱ्या दिवशी होतं नव्हतं ते सगळं विकलं. अहो, मार्केट कॅपिटलायझेशन म्हणजे शेअरचा त्या दिवशीचा शेवटचा भाव गुणिले कंपनीचे सगळे शेअर, अशी सगळ्या कंपन्यांची बेरीज; भाव उतरला की ती घटते. तेवढी रोकड कुणाच्या तिजोरीतून गेलेली नसते. हे एका वाक्यात सांगता येतं. पण नाही सांगत, आणि लोकांचं नुकसान होतं ते खरं होतं.

बँकेचं वागणं बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानंच सांगितलंय की ठरलेल्या रीतीनं व्याज मुद्दलात घातलं की ते मुद्दलच होतं. असू दे. पण आपल्या भागाला तरी ही गोष्ट नवी आहे का? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानंतर सावकार हेच करायचे. तीन वर्षांनी कर्जखताची मुदत सरायची, मग जुनं खत मोडून नवं करायचं, आणि साठलेलं व्याज नव्या खतात मुद्दल म्हणून मांडायचं. शेतकरी अंगठा द्यायचा. कागदावर काय आहे ते त्याला वाचता यायचं नाही. हे साठत साठत १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात फुटलं. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. आणि मग इंग्रज सरकारलासुद्धा १८७९ चा कायदा करून गाव-रजिस्ट्रार नेमावे लागले, की बाबा, शेतकरी कशावर अंगठा देतोय ते त्याला आधी कळू दे. त्याआधीही आपल्याकडं दामदुपटीचा नियम होताच: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. म्हणजे व्याज कुठवर वाढू द्यायचं याची समज आपल्या समाजाला शेकडो वर्षांपासून होती, आणि त्यासाठी शब्दही होते.

आत्ताही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेनं दंडाची रक्कम मुद्दलात घालायला मनाई केली, म्हणजे मुद्दलात घातल्यानं काय होतं हे त्यांना पक्कं माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाला ठळक माहितीचा एक कागद द्यायचाय, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, आणि तो समजावून सांगितल्याची पोच घ्यायचीय. कर्जदाराला समजेल अशा! माझं कर्ज त्याच्या आधीचं, म्हणून मला तो मिळाला नाही. पण परवा त्याच शाखेत एक बाई मुलाच्या कर्जावर सह्या करत होत्या, बोटानं दाखवतील तिथं. मी डोकावले. सगळा गठ्ठा इंग्रजीत. “ताई, यात काय लिहिलंय?” तर म्हणाल्या, “काय की, सही करा म्हणाले.”

आपल्या मराठीत ‘भांडवल करणं’ म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत आहे. कुणाच्या अडचणीचं भांडवल करू नये, असं आपण म्हणतो. पोरांच्या शिक्षणाच्या काळात हप्ता भरायची ऐपत नसते, ही अडचण. त्या अडचणीत साठलेल्या व्याजाचं भांडवल केलं. भांडवल म्हणजेच कॅपिटल. उताऱ्यावर मराठीत इतकंच छापा की ‘आपल्या व्याजाचे भांडवल केले’, आणि बघा किती लोक त्याच दिवशी मॅनेजरच्या केबिनपुढं उभे राहतात.

धाकटा यंदा बारावीला आहे. निकालानंतर पुन्हा त्याच टेबलापुढं बसायचंय. या वेळी तो मराठीतला कागद हातात पडल्याशिवाय, आणि दरमहा व्याज भरायचं माझ्या अर्जावर शिक्का मारून पोच मिळाल्याशिवाय, मी एका कागदावरही सही करणार नाही. मागं कितीही रांग लागू दे.