पवनचक्की येऊ दे, पण आधी सडा तपासा

कोकणात पवनचक्क्या याव्यात असं मला मनापासून वाटतं, हे आधीच सांगतो. पवनचक्की आपल्याला नवीन नाही. १९८६ साली देशातली पहिली पवन विद्युत केंद्रं उभी राहिली ती किनाऱ्यावरच, रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिनला. ५५ किलोवॅटची छोटी डॅनिश यंत्रं होती ती. देवगडची पवनचक्की तर अजून पर्यटकांना ठाऊक आहे. पुढे हा उद्योग घाट चढून साताऱ्यात, सांगलीत, धुळ्यात गेला. आता यंत्रं मोठी झाली आहेत, कमी वाऱ्यावरही चालतात. आपल्या सड्यांकडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळ पठारांकडे, पुन्हा कुणाची नजर वळली तर नवल नाही. म्हणून दलाल सातबारा घेऊन दारात येण्याआधी परवानगीच्या नियमांवर बोलायला हवं.

आपले नियम यंत्राच्या बाबतीत कडक आहेत. देशात उभारायच्या पवनचक्कीला आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या, म्हणजे आयईसीच्या मानकांनुसार प्रमाणपत्र लागतं, ते मॉडेल केंद्राच्या यादीत असावं लागतं. पातं, मनोरा, ब्रेक, सगळं जगाच्या मापाने तपासलं जातं. पण ते यंत्र ज्या जमिनीवर उभं राहणार तिचं काय? २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाहीच. वीस हजार चौरस मीटरची इमारत बांधायची तर पर्यावरण मंजुरी लागते; पन्नास पवनचक्क्यांना लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ साली पवनऊर्जेला पांढऱ्या श्रेणीत टाकलं, म्हणजे नुसतं कळवलं की काम झालं. वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी लागते, किनारा नियमन क्षेत्रात असेल तर तिथले नियम लागतात. खाजगी सडा असेल तर जनसुनावणी नाही, पक्ष्यांची पाहणी नाही, झऱ्यांची नोंद नाही.

आणि आपला सडा कागदावर काय असतो? पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन.

ज्यांनी सडा फक्त मे महिन्यात गाडीतून पाहिला, त्यांना तो करपलेला कातळच वाटणार. जुलै-ऑगस्टमध्ये या. खळग्याखळग्यांत पाणी साचलेलं असतं, सीतेची आसवं फुललेली असतात, दीपकाडी आपल्या कोकणातल्या कातळावर डोलत असते. गुरं चरत असतात. खालच्या वाडीच्या विहिरी आणि पऱ्ये, म्हणजे ओहोळ, याच कातळात मुरलेल्या पाण्यावर टिकतात. आणि त्याच सड्यावर कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली जुनी चित्रं, आहेत. उक्षी, देवीहसोळ, बारसू, कशेळी, कुडोपी ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण त्याखेरीज कितीतरी चित्रं खाजगी जमिनीत मातीखाली पडून आहेत. पवनचक्कीचा मनोरा जागा थोडीच घेतो. नुकसान करतो तो रस्ता. सत्तर-पंचाहत्तर मीटर लांबीचं पातं वळवून न्यायला रुंद, सपाट रस्ता कापावा लागतो, आणि कापलेला कातळ पुन्हा जोडता येत नाही. सड्याची पाहणी पावसाळ्यात झाली नाही तर ती पाहणीच नव्हे.

आधी काय काय तपासावं हे सांगणारा दस्तावेज जगात तयार आहे. जागतिक बँक समूहाने २०१५ साली पवनऊर्जेसाठी पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. जागा ठरवण्याआधी पक्षी आणि वटवाघळांचा अभ्यास, शेजारच्या प्रकल्पांचा एकत्रित परिणाम, घरापाशी आवाज किती पोचेल याचं गणित, आणि पात्यांची फिरती सावली. कुठल्याही घरावर ही सावली अगदी वाईटात वाईट धरून वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त पडू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. 'रात्री आवाज किती येतलो, सावली पडवीत येतली काय?' असं माझ्या काकीने विचारलं, तर तिच्या दोन्ही प्रश्नांना आकड्यात उत्तर देता येतं, इतकं ते साधं आहे. फक्त आपल्याकडे ते उत्तर द्यायला कुणी बांधील नाही.

आपल्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१६ च्या तत्त्वांत वस्तीपासून ५०० मीटरचं अंतर सांगितलं आहे. रस्ते आणि सार्वजनिक इमारतींसाठी मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या चक्राचा अर्धा व्यास, अधिक ५ मीटर. समजा १४० मीटर मनोरा आणि १६० मीटर व्यासाचं चक्र आहे. टोकापर्यंत उंची २२० मीटर, रस्त्यापासून अंतर २२५. जागतिक बँकेच्या हिशोबाने लोकवस्तीपासून किमान दीडपट, म्हणजे ३३० मीटर. डेन्मार्कमध्ये शेजारच्या घरापासून उंचीच्या चौपट, म्हणजे ८८० मीटर. आपले ५०० मीटर या दोन्हींच्या मध्ये बसतात, वाईट नाहीत. पण यंत्र केवढंही असो, आकडा तोच राहतो, ही गोष्ट मला पटत नाही. शिवाय कोकणात घर म्हणजे काय ते कोण ठरवणार? आपल्या वाड्या डोंगरभर विखुरलेल्या. चाकरमान्यांचं कुलूपबंद घर मोजणार की नाही? कलमांच्या बागेतला मांगर, जिथे राखणदार हंगामभर झोपतो, तो मोजणार की नाही? हे लिहून ठेवलेलं नसेल तर वाद कोर्टात जाणार, आणि तिथे आपण वर्षानुवर्षं अडकणार.

पक्ष्यांबद्दल कुणी म्हणेल, ही शहरी लोकांची हौस आहे. तर घाटमाथ्यावर साताऱ्याच्या चाळकेवाडीला बघा. भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पठाराचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष मांडले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, आणि ते नसल्यामुळे सरडे भरमसाठ वाढलेले, त्यांचं वागणंसुद्धा बदललेलं. आपल्या किनाऱ्यावर समुद्री गरुड उंच झाडांवर घरटी करतो, त्या झाडांजवळ काय होईल याचा अभ्यास आधी करायचा की नंतर? आणि उपाय काही वीज बंद करण्याचा नाही. स्पेनच्या तारिफा भागात गिधाडं जवळ आली की तेवढीच यंत्रं थोडा वेळ थांबवली. गिधाडांचे मृत्यू निम्म्याने घटले आणि वीज बुडाली ती एक टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी.

मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट कर्जाची आहे. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळ किंवा आशियाई विकास बँकेचा पैसा घेतला तर कंपनीला पर्यावरण आणि सामाजिक परिणामांचा अहवाल करावाच लागतो. देशी बँकेचं कर्ज असेल तर ते बंधन असेलच असं नाही. म्हणजे एकाच तालुक्यातल्या दोन गावांना मिळणारं संरक्षण कर्ज कुणी दिलं यावर ठरणार. नागरिक म्हणून हे मला मान्य नाही.

यावर ऊर्जाक्षेत्रातले मित्र म्हणतात, आणखी एक मंजुरी आणली की प्रकल्प मेले. त्यांची भीती खोटी नाही, आपल्याकडे फाइल कशी फिरते ते सगळ्यांना माहीत आहे. पण युरोपने या पेचावर काढलेला मार्ग बघा. २०२३ च्या सुधारित नियमांत आधीच अभ्यास करून योग्य क्षेत्रं ठरवायची, आणि त्या क्षेत्रात जमिनीवरच्या प्रकल्पांना १२ महिन्यांत, बाहेर २४ महिन्यांत निर्णय द्यायचा. तपासणी गाळून नव्हे, ती क्षेत्रासाठी आधीच करून आणि सरकारी यंत्रणेला मुदत घालून वेग आणला. आपल्या सड्यांचा नकाशा एकदा नीट करा: कातळशिल्पं, झरे, घरटी, वाड्या. उरलेल्या जागी परवानगी झटपट द्या. कंपनीलाही तेच परवडेल. एन्रॉनच्या वीजप्रकल्पापासून बारसूच्या रिफायनरीपर्यंत लोकांना आधी न विचारण्याची किंमत कोकणाने आणि सरकारनेही मोजली आहे.

वादळांचंही लिहून ठेवा. २०२० चं निसर्ग आणि पुढच्याच वर्षीचं तौक्ते आपण सोसलं आहे. आयईसीच्या २०१९ च्या आवृत्तीत उष्णकटिबंधीय वादळांसाठी सेकंदाला ५७ मीटर वाऱ्याचा वेगळा वर्ग आहे. किनाऱ्यावर कोणत्या वर्गाचं यंत्र लागेल हे परवानगीतच ठरलं पाहिजे.

तोपर्यंत ग्रामपंचायतीतल्या मंडळींना माझी विनंती आहे. ना हरकत दाखला मागायला कुणी आलं तर ग्रामसभेपुढे तीन कागद मराठीत मागा: पावसाळ्यासह वर्षभराच्या पाहणीचा अहवाल, प्रत्येक वाडीवर पडणाऱ्या सावलीचे तास आणि रात्रीचा आवाज दाखवणारा नकाशा, आणि पंचवीस वर्षांनी यंत्र उतरवून रस्ता व पाया कोण काढणार याची बँक हमी. ते मिळाले की दाखला द्या, मी स्वतः ग्रामसभेत हात वर करेन.