हेलिकॉप्टरमधून उतरा, गव्हर्नर व्हा

सैन्यात हेलिकॉप्टर उडवून घरी आलेल्या माणसाला लोक दोनच सल्ले देतात. सिक्युरिटी एजन्सी काढा, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी व्हा. दोन्ही मनावर घेऊ नका. पहिल्यात दगदग फार, दुसऱ्यात शिव्या फार. त्यापेक्षा सरळ एखाद्या राज्याचे गव्हर्नर व्हा.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या आमच्या न्यू जर्सी राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिलबाईंनी तेच केलं. (इथला गव्हर्नर म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, लोकांनी निवडलेला.) अमेरिकी नौदलात त्या सी किंग हेलिकॉप्टर उडवायच्या. ४ नोव्हेंबर २०२५ ला सुमारे १४ टक्क्यांच्या फरकाने निवडून आल्या. सी किंग म्हणजे कुलाब्याच्या आकाशात आपल्या नौदलाचंही वर्षानुवर्षं घरघरलेलं तेच. तुम्ही त्यातले असाल तर अर्धी पात्रता झालीच म्हणायची.

उरलेली अर्धी राज्याच्या घटनेत लिहिली आहे. वय ३०, राज्यात ७ वर्षं वास्तव्य आणि २० वर्षं अमेरिकी नागरिकत्व. जन्म इथलाच हवा, अशी अट नाही. म्हणजे आपल्या माणसाने आधी ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहायचं, मग नागरिकत्व, मग वर २० वर्षं. आज अर्ज टाकलात तर नातवाच्या प्रचाराला उपयोगी पडेल.

आता बायोडाटा. शेरिलबाई १९९४ साली ॲनापोलिसच्या नेव्हल अकॅडमीतून बाहेर पडल्या, २००३ साली नौदल सोडलं. पुढे जॉर्जटाउनची कायद्याची पदवी, वकिली, न्यूअर्कच्या फेडरल सरकारी वकिलांच्या कचेरीत नोकरी, चार मुलं, संसदेत चार वेळा निवड. या सगळ्यात मतदाराच्या लक्षात काय राहिलं? हेलिकॉप्टर. २००३ ते २०२५ ही २२ वर्षं जमिनीवर गेली, हे कुणी मोजत नाही. तुम्हीही मोजू देऊ नका. वकील म्हटलं की माणूस खिसा चाचपतो, खासदार म्हटलं की तोंड फिरवतो, पायलट म्हटलं की आपोआप वर बघतो. राजेश पायलट यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं, त्यांनी तर हुद्दाच आडनावाला लावून टाकला.

पत्रक छापाल तेव्हा फोटो फ्लाइंग सूटमधला, हेल्मेट काखेत, नजर क्षितिजावर. पोट आत. सूट आता चेनपाशी अडतो आहे, हे फोटोग्राफर सांभाळून घेईल. ओक ट्री रोडवर, म्हणजे इथल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, दिवाळीच्या दिवसांत हिंडताना मात्र सूट नको, कुर्ता घाला. कपाळाला टिळा लावून घ्या, वडापाव खा, तिखट लागला तरी हसा. कुणी मालमत्ता करावर बोललं, तर मान हलवा. इथे घरामागे सरासरी वर्षाला १०,००० डॉलरच्या वर कर बसतो, देशात सगळ्यांत जास्त. उत्तर द्या, ‘समुद्रावर रात्री, वाऱ्यात, हेलिकॉप्टर उतरवलंय मी.’ २०२५ च्या मे महिन्यात ड्रायव्हरांनी संप करून तीन दिवस रेल्वे बंद पाडली, त्यावर कुणी छेडलं तरी उत्तर तेच. प्रश्न विचारणाराच खजील होतो. देशासाठी जीव धोक्यात घातलेल्या माणसाला लोकल का चुकली हे कोण विचारणार?

मात्र एक जपा. हेलिकॉप्टर मिरवायचं तर त्याच्या आधीची फाइलही कुणीतरी उघडणार. १९९२ च्या डिसेंबरात ॲनापोलिसला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा पेपर फुटला. पेपरफुटी ही काही आपलीच मक्तेदारी नाही, हे वाचून जरा बरं वाटलं. शंभराहून जास्त विद्यार्थ्यांची नावं त्यात आली. शेरिलबाईंना पदवी मिळाली, नौदलात कमिशन मिळालं, पण १९९४ च्या पदवीदान सोहळ्यात त्यांना चालू दिलं नाही. त्यांचं म्हणणं असं की आपण कॉपी केली नाही, फक्त सोबत्यांची नावं सांगितली नाहीत, त्याची ही शिक्षा. ही बातमी फुटली २०२५ च्या सप्टेंबरात, मतदान तोंडावर असताना. विरोधक म्हणाले, शिस्तभंगाचे कागद दाखवा. बाईंनी दाखवले नाहीत.

पण खरी मौज पुढेच आहे. त्याच सुमारास कळलं की सरकारी अभिलेखागाराने त्यांची जवळपास अख्खी लष्करी फाइल, सोशल सिक्युरिटी नंबरासकट, विरोधी गोटातल्या माणसाच्या हाती दिली होती. झाकायचं ते न झाकता. मग दिलगिरी. म्हणजे विद्यार्थिनीने गप्प राहिल्याबद्दल शिक्षा भोगली आणि सरकारने सगळं बडबडून टाकल्याबद्दल एक पत्र लिहिलं. तेव्हा सल्ला असा, की मित्रांची चुगली करू नका. ३१ वर्षांनी सरकार तुमची करेल, तीही फुकट.

वेळ साधणं महत्त्वाचं. नगरसेवक, मग आमदार, मग पुढचं, असला जिना चढत बसू नका. ज्या मतदारसंघात कुणा घराण्याची गादी आहे तिथे जाऊन बसा आणि वाट बघा. बाईंच्या मतदारसंघात फ्रेलिंगहायसन घराणं होतं, ज्याची राजकारणातली मुळं अमेरिकन क्रांतीपर्यंत जातात. समोर माजी पायलट उभी राहिली, ट्रम्पविरोधी वारं सुटलं, आणि २०१८ च्या जानेवारीत विद्यमान फ्रेलिंगहायसनांनी निवृत्ती जाहीर केली. हवामान वाचणं पायलटला शिकवावं लागत नाही.

विरोधी बाजूची मदतही गृहीत धरा. रिपब्लिकन उमेदवार जॅक चिटरेली तिसऱ्यांदा गव्हर्नरपदाच्या मागे लागले होते, २०२१ ला तर तीनेक टक्क्यांनीच हुकले होते. २०२५ ला त्यांना ट्रम्प यांचा आशीर्वाद होता. मतदानाला तीन आठवडे उरले असताना ट्रम्प यांनी हडसन नदीखालच्या नव्या रेल्वे बोगद्याचा प्रकल्प ‘रद्द’ म्हणून टाकला. रोज न्यूयॉर्कला लोकल धरणाऱ्या राज्यात! असा मित्र असल्यावर समोरच्याने हेलिकॉप्टर नाही, सायकल उडवली असती तरी चाललं असतं. पण हे तुमच्या आत्मचरित्रात लिहू नका.

आणि लाइट बिल. याच्यावर हेलिकॉप्टरचा उतारा चालत नाही. १ जून २०२५ पासून इथलं बिल १७ ते २० टक्के वाढलं. महिनाअखेरीला लिफाफा उघडून नवरा-बायको एसीकडे आणि एकमेकांकडे बघतात. कारण सांगायला गेलात तर मतदार झोपतो: १३ राज्यांची मिळून एक ग्रिड, तिथे पुढच्या वर्षांच्या विजेच्या क्षमतेचा लिलाव, २०२४ च्या जुलैत त्यात भाव एकदम नऊपटीच्या वर, डेटा सेंटरांची भूक, नव्या प्रकल्पांच्या जोडणीची लांबलचक रांग. यातलं फारच थोडं ट्रेंटनच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीच्या, हातात आहे. म्हणून कारण सांगायचं नाही, घोषणा करायची. शेरिलबाईंनी सांगून टाकलं, पहिल्याच दिवशी आणीबाणी जाहीर करून दर गोठवीन. आपल्याकडे आणीबाणी म्हटलं की १९७५ आठवून अंगावर काटा येतो. इथे लोकांनी टाळ्या वाजवल्या. विरोधकाकडे गोठवण्याच्या तोडीचं क्रियापद नव्हतं, तो वीजप्रकल्पांचा कार्बन कमी करण्याच्या राज्याराज्यांतल्या करारातून बाहेर पडू म्हणत राहिला. वाक्यात ‘करार’ आला की निवडणूक गेली.

निवडून आल्यावर हेलिकॉप्टर पुन्हा मिळेल, राज्य पोलिसांचं. आपल्याकडे माणूस आधी पुढारी होतो आणि मग हेलिकॉप्टरमध्ये बसतो, तुमचा प्रवास उलटा झाला एवढंच. फक्त आता जागा मागची. पायलटच्या खांद्यावरून डोकावून सूचना देऊ नका, तो तुम्हालाच मत दिलेला असेल असं नाही. आणि उठसूट वापरूही नका. २०११ च्या मे महिन्यात तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती मुलाची बेसबॉलची मॅच बघायला मॉन्टव्हेलला याच हेलिकॉप्टरने गेले. सव्वा कोटी डॉलरचं, नवंकोरं, ऑगस्टा वेस्टलँड कंपनीचं (आपले कान टवकारले ना?). उतरल्यावर मैदानापर्यंतच्या शंभरेक यार्डांसाठी काळ्या काचांची गाडी. इतका बोभाटा झाला की पदरचे पैसे भरावे लागले.

तुमच्या मुलाची मॅच असेल तर टर्नपाइकने जा. टोल भरा आणि पावती जपून ठेवा, कधीतरी कुणीतरी मागेलच.