मारहाणीत ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

माझ्या मावसबहिणीने जोडप्यांच्या समुपदेशनासाठी घेतलेली वेळ रद्द केली. कारण काय, तर घरातल्याच माणसांनी तिला पाठवलेला एक फॉरवर्ड. तिच्या घरात काय चाललंय ते तिचं तिच्यापाशी. पण जोडप्यांसोबत काम करू पाहणाऱ्या समुपदेशकांना मी शिकवते, त्यांच्या सत्रांवर देखरेख करते. तो मजकूर वाचून गप्प बसणं मला जमणार नाही.

मजकूर थोडक्यात असा: समुपदेशकाकडे गेलेली बहुतेक जोडपी शेवटी घटस्फोट घेतात. समुपदेशक नेहमी बायकोची बाजू घेतो. सत्रांवर त्याचं पोट चालतं, म्हणून तो भांडण मिटू देत नाही. चार दिवसांचा कोर्स करून कुणीही समुपदेशक होतो, त्यापेक्षा घरातलं वडीलधारं माणूस बरं. आणि शेवटचा सल्ला: अगदी हात उगारला गेला असला, तरी दोघांना समोरासमोर बसवा, दोघांकडून आपापली चूक कबूल करून घ्या, कारण टाळी एका हाताने वाजत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत, हा मात्र जिवावर बेतू शकतो.

भांडण दोघांचं असतं, मान्य. पण हात उचलायचा की नाही हे उचलणारा एकटा ठरवतो. मार खाल्लेल्या माणसाला ‘तुझी चूक सांग’ म्हटलं की त्या मारातला अर्धा वाटा आपण त्याच्याच पदरात टाकतो. मारणाऱ्याला तर हेच हवं असतं. ‘तिने मला चिडवलं’ हे तो आजवर घरात म्हणत होता, आता तेच त्याला चारचौघांत मान्य करून मिळतं.

शिवाय समोरासमोर बसवल्यावर होतं काय? घाबरलेल्या माणसाला विचारलं की ‘तुला काय त्रास आहे?’, तर त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक, काही विशेष नाही म्हणायचं. मग बसवणाऱ्यांना वाटतं, प्रकरण किरकोळ आहे. दुसरी, खरं सांगायचं. मग त्या खऱ्याची किंमत घरी गेल्यावर, दार लागल्यावर मोजायची. बसवणारे तेव्हा तिथे नसतात.

म्हणूनच जोडप्यांच्या कामाचं प्रशिक्षण देताना एक गोष्ट अगदी आधी शिकवली जाते: सुरुवातीच्या भेटींमध्येच दोघांना वेगवेगळं भेटा आणि हिंसेबद्दल थेट विचारा. बायकोलाही विचारा, नवऱ्यालाही विचारा. ऐकायला सोपं वाटतं, पण नवखे समुपदेशक इथेच अडखळतात. ते विचारतात, ‘घरी मारहाण होते का?’ समोरून उत्तर येतं, ‘नाही.’ कारण ढकलणं, दंड पिरगाळणं, दार अडवून उभं राहणं याला पुष्कळ लोक मारहाण म्हणतच नाहीत. म्हणून एकेक कृती विचारावी लागते. कधी ढकललं का? वस्तू फेकून मारली का? फोन कोण तपासतं? पैसे कुणाच्या ताब्यात असतात? मनाविरुद्ध बोललात तर पुढे काय होईल याची भीती वाटते का? कधी गळा दाबला का? हा शेवटचा प्रश्न गाळायचा नाही, असं मी शिकणाऱ्यांना पुन्हा पुन्हा बजावते. जोडीदाराने एकदा गळा दाबलेला असेल तर पुढे त्याच माणसाच्या हातून जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. बरेचदा अंगावर खूणही न ठेवणारा हा प्रकार ‘रागाच्या भरात झालं’ म्हणून सोडून दिला जातो.

उत्तरांमधून भीती दिसली की एकत्र सत्र सुरू करायचं नाही. आणि ते का करत नाही, हे दुसऱ्या जोडीदाराला असं सांगायचं की त्याला ‘तिने काहीतरी सांगितलंय’ असा वास लागू नये. ही कला आहे आणि ती सरावाशिवाय येत नाही. घरातल्या अनुभवी माणसाने हे कुठे शिकायचं?

आता यातली अर्धी खरी गोष्ट. मारहाण झालेली सगळी जोडपी सारखी नसतात. समाजशास्त्रज्ञ मायकेल जॉन्सन यांनी १९९५ मध्ये हा फरक मांडला: एका प्रकारात भांडण चिघळून हातघाईवर येतं, दुसऱ्यात एक जण दुसऱ्याचं सगळं जगणं धाकाने ताब्यात ठेवतो. पहिल्या प्रकारातल्या काही जोडप्यांसोबत, नीट पारखून, एकत्र काम करणारे कार्यक्रम आहेत. अमेरिकेतल्या संशोधक सँड्रा स्टिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा कार्यक्रम उभा केला. पण तिथेही दोघं सुरुवातीचे आठवडे वेगवेगळे भेटतात. म्हणजे ‘कधीच एकत्र बसवू नका’ हेही खरं नाही. पण तो निर्णय पारख केल्यानंतरचा असतो, आणि फॉरवर्ड नेमकी ती पारखच उडवून लावतो. युरोपातल्या देशांनी स्त्रियांवरील हिंसेबाबत २०११ मध्ये जो इस्तंबूल करार केला, त्याच्या ४८व्या कलमात अशा प्रकरणांत मध्यस्थी वा समेट सक्तीचा करायला मनाई आहे. ती उगाच घातलेली नाही.

‘बहुतेक जोडपी घटस्फोट घेतात.’ हे कुठून आणलं? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेन्सन, नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस आणि सिएटल इथे १३४ विवाहित जोडप्यांवर अभ्यास केला. जोडपी मुद्दाम अशी निवडली की ज्यांचं बऱ्याच काळापासून आणि गंभीरपणे बिनसलेलं आहे. जोडप्यांच्या थेरपीच्या, म्हणजे अशाच समुपदेशनाच्या, दोन पद्धती ताडून पाहिल्या आणि थेरपी संपल्यावर पाच वर्षं त्यांचा मागोवा घेतला. ते निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी साधारण निम्म्या जोडप्यांची स्थिती सुरुवातीपेक्षा ठळकपणे सुधारलेली होती, आणि वेगळी झालेली किंवा घटस्फोट घेतलेली जोडपी होती चारांत एकाहून थोडी जास्त. म्हणजे थेरपी ही जादू नाही. उरलेल्यांतल्या काहींना फारसा उपयोग झाला नाही, काहींचं आणखी बिघडलं, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते मी लपवणार नाही. पण ‘बहुतेक’ हे धडधडीत खोटं आहे. आणि हो, धोकादायक पातळीची मारहाण असलेली जोडपी त्या अभ्यासात घेतलीच नव्हती. इतक्या अनुभवी लोकांनीही आधी तेच तपासलं.

‘भांडण मिटू देत नाहीत’ याचं उत्तरही तिथेच आहे. त्या जोडप्यांना जास्तीत जास्त २६ सत्रं मिळणार होती. मर्यादा आधीच ठरलेली होती. एकाला राहायचंय आणि दुसऱ्याचा पाय बाहेर आहे अशा जोडप्यांसाठी अमेरिकेतले थेरपिस्ट विल्यम डोहर्टी यांनी जी पद्धत बसवली, तिच्यात तर फार तर पाच भेटी असतात, आणि पुढे काय करायचं हे दोघांना उमजावं एवढाच तिचा हेतू असतो. सत्रं उगाच लांबवणारे लोक नाहीत का? असतील. अशांना पहिल्याच भेटीत विचारा: कशासाठी भेटतोय, आणि उपयोग होतोय की नाही हे कधी तपासायचं? नीट उत्तर आलं नाही तर उठा.

बायकोची बाजू घेण्याबद्दल फार लिहीत नाही. सत्राचं रेकॉर्डिंग पाहताना आम्ही शिकणाऱ्याला हेच पकडतो: गेली दहा मिनिटं तू कुणाशी बोलतोयस? दुसऱ्याला शेवटचं कधी विचारलंस? एकाचंच ऐकत राहणारा समुपदेशक कच्चा असतो.

राहिला प्रशिक्षणाचा मुद्दा. हा थोडा बोचतो, कारण त्यात तथ्य आहे. कित्येक ठिकाणी ‘समुपदेशक’ हा शब्द कायद्याने राखीव नाही. पाटी लावली की झालं. एकट्या माणसासोबत उत्तम काम करणारेही जोडप्यांचं वेगळं शिक्षण न घेता जोडपी घेतात, आणि दोघं खोलीत एकमेकांवर तुटून पडले की नुसते बघत राहतात. पण यावरून ‘शिक्षण नकोच’ हा निष्कर्ष कसा निघतो? कॅलिफोर्नियात १९६३ पासून विवाह-कुटुंब थेरपिस्टसाठी परवाना लागतो. आज तिथे पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालचा ३,००० तासांचा आणि किमान १०४ आठवड्यांचा अनुभव, त्यातले निदान ५०० तास जोडपी, कुटुंबं आणि मुलांसोबतचे, आणि वर परीक्षा, एवढं झाल्यावर माणूस स्वतंत्रपणे काम करू शकतो. मागायचं असेल तर असं काही सगळीकडे मागा.

वडीलधारं माणूस छोट्या रुसव्याफुगव्यांत खरंच उपयोगी पडतं, त्याबद्दल वाद नाही. पण ते त्याच कुटुंबातलं असतं. त्याला सांगितलेलं घरभर होतं, आणि त्याला बहुतेक वेळा प्रकरण लवकर मिटवायचं असतं. घाबरलेल्या माणसाला ही घाईच मारक ठरते.

वेळ घेण्याआधी समुपदेशकाला एवढं विचारा: जोडप्यांसोबत काम करायचं शिक्षण कुठे घेतलं? तुमच्या कामावर कुणाची देखरेख असते? आम्हाला वेगवेगळं भेटता का? एकट्याने सांगितलेलं दुसऱ्याला सांगता का? हा शेवटचा नियम प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून काहीही सांगण्याआधी तो माहीत करून घ्या. आणि जोडीदाराची भीती वाटत असेल तर जोडप्याची वेळ घेऊच नका. आधी एकट्याने भेटा, आणि ते कुणाला कळायला हवं, कुणाला नको, हे तुम्हीच ठरवा.