मटेराझीच्या खात्यावर फक्त एक शिवी मांडू नका

वर्ल्ड कपचा विषय निघाला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. खाली इटली-फ्रान्स फुटबॉल वर्ल्ड कप अंतिम सामन्यातली, 9 जुलै 2006 ची क्लिप, फ्रान्सच्या झिदानचं डोकं इटलीच्या मटेराझीच्या छातीवर आदळतानाची. वर मजकूर: ‘मार्को मटेराझी हा सुमार बचावपटू. बापाच्या वशिल्याने वर आला. झिदानला आईवरून वर्णद्वेषी शिवी देऊन बाहेर काढलं आणि इटलीला फुकटात वर्ल्ड कप मिळाला. बाकी कारकिर्दीत काही नाही. शेवटी पैशासाठी भारतात आला.’ परवा हा मजकूर माझ्या भाच्याने मला पाठवला आणि विचारलं, ‘मामा, खरंय का हे?’ त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितो.

आधी शिवी. मटेराझीने झिदानचा शर्ट धरला होता. झिदान म्हणाला, शर्ट हवा असेल तर सामन्यानंतर देतो. त्यावर मटेराझीने त्याच्या बहिणीवरून अपशब्द काढले. हे त्याने स्वतः नंतर कबूल केलं आहे. बोलणं घाणेरडं होतं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण मेसेजमधला ‘वर्णद्वेषी’ हा शब्द साफ खोटा आहे. फिफाने चौकशी केली तेव्हा बोलणं अपमानकारक होतं पण वर्णद्वेषी नव्हतं, असं दोघांनीही सांगितलं. म्हणजे खुद्द झिदाननेही! वर्णद्वेषाचा आरोप छापणाऱ्या ब्रिटिश वर्तमानपत्रांना पुढे मटेराझीची माफी मागून भरपाई द्यावी लागली. आईच्या बाबतीत मात्र दोघांचं म्हणणं जुळत नाही. झिदानने टीव्हीवर आई आणि बहीण दोघींचा उल्लेख केला, मटेराझीने आईचा उल्लेख ठामपणे नाकारला. त्याची स्वतःची आई तो शाळकरी वयात असतानाच गेली होती. फिफाने मटेराझीला दोन सामन्यांची बंदी आणि 5,000 स्विस फ्रँक दंड केला, झिदानला तीन सामने आणि 7,500. म्हणजे मटेराझी शिक्षेविना सुटला, असंही नाही.

आता ‘फुकटातला वर्ल्ड कप’. माझा खरा संताप इथे आहे, कारण हे लिहिणाऱ्याने ती स्पर्धा पाहिलेली नाही.

मटेराझी त्या संघात पहिल्या पसंतीचा नव्हताच. जागा आलेस्सांद्रो नेस्ताची होती. 22 जूनला हॅम्बुर्गमध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्ध, गटातल्या शेवटच्या सामन्यात, सतराव्या मिनिटाला नेस्ता जखमी होऊन बाहेर गेला आणि मटेराझी आत आला. सव्विसाव्या मिनिटाला तोत्तीचा कॉर्नर आला आणि त्याने हेडरने गोल केला. पुढच्या फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध लाल कार्ड मिळालं, म्हणून युक्रेनविरुद्धच्या सामन्याला मुकला. उपांत्य फेरीत डॉर्टमुंडला यजमान जर्मनीसमोर पूर्ण 120 मिनिटं कर्णधार कन्नावारोच्या शेजारी उभा राहिला आणि जर्मनीला एकही गोल करता आला नाही.

मग अंतिम सामना. सातव्या मिनिटाला मालुदाला पाडल्याबद्दल त्याच्यावर पेनल्टी लागली आणि झिदानने ती मारली. असा डाग लागल्यावर बचावपटू खचतो. एकोणिसाव्या मिनिटाला पिर्लोने उजवीकडून कॉर्नर घेतला. ती क्लिप कधी थांबवून पाहा. पॅट्रिक व्हिएरासारखा धिप्पाड माणूस उडी मारतोय आणि मटेराझी त्याच्याही वर आहे. 1-1.

झिदान लाल कार्ड मिळून बाहेर गेला तो 110 व्या मिनिटाला, बरोबरी असताना. त्यानंतर जादा वेळेत एकही गोल झाला नाही. शूटआउटमध्ये इटलीने पाचच्या पाच पेनल्टी मारल्या आणि त्यातली दुसरी मटेराझीची होती. लगेच पुढे फ्रान्सच्या त्रेझेगेचा फटका आडव्या खांबावर आदळला. झिदान असता तर एक हुकमी पेनल्टी मारणारा फ्रान्सकडे असता, हे मान्य. पण ज्याने नियमित वेळेतला इटलीचा एकमेव गोल केला आणि शूटआउटमध्येही चेंडू जाळ्यात घातला, त्याच्या नावापुढे ‘फुकट’ हा शब्द लिहायला हात कसा धजावतो?

वशिल्याचं म्हणाल तर वडील जुझेप्पे रोमच्या लाझिओ क्लबचे प्रशिक्षक होते, हे खरं. पण विशीतला मार्को सिसिलीतल्या मार्साला आणि त्रापानी या खालच्या विभागांतल्या संघांकडून खेळत होता. वशिला असा असतो?

‘बाकी काही नाही’ हे तर सरळ अज्ञान. 2000-01 च्या सेरी आ (इटलीची अव्वल लीग) हंगामात पेरुजिया क्लबकडून त्याने 12 गोल केले. बचावपटू म्हणून एका हंगामात अर्जेंटिनाच्या पासारेल्लाने केलेल्या 11 गोलांचा विक्रम त्याने मोडला. पेनल्टींचा त्यात मोठा वाटा होता, पण पेनल्टी बचावपटूच्या हातात सोपवतात ती विश्वासानेच. मग मिलानच्या इंटर क्लबमध्ये दहा वर्षं: पाच लीग जेतेपदं (त्यातलं 2005-06 चं कॅल्चोपोली या पंच-घोटाळ्याच्या प्रकरणानंतर मिळालेलं), चार इटालियन कप, 2010 ची चॅम्पियन्स लीग. 22 एप्रिल 2007 ला सिएनाच्या मैदानावर 2-1 ने जिंकून इंटरने लीग खिशात घातली, तेव्हा दोन्ही गोल त्याचेच होते. राष्ट्रीय संघाकडून 41 सामने.

मेसेजवाल्याला माहीत नसलेली एक वाईट गोष्ट मीच सांगतो. 2004 मध्ये त्याने सिएनाच्या ब्रुनो चिरिल्लोला मैदानात जाण्याच्या बोगद्यात ठोसा मारला आणि दोन महिने बंदी भोगली. टीका करायची तर यावर करा, ती खरी तरी आहे.

राहिलं भारताचं. पैसे घेतले असतील, कोण फुकट येतं? पण काम काय केलं ते बघा. 2014 मध्ये इंडियन सुपर लीगमधल्या चेन्नईयन संघाचा खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी आला. ज्या नेस्ताच्या दुखापतीमुळे त्याला वर्ल्ड कपमध्ये जागा मिळाली, तोच नेस्ता त्या हंगामात त्याच्या हाताखाली खेळायला आला. 2015 मध्ये संघ तळाला गेला होता, तिथून वर काढून उपांत्य फेरीत नेला. डिसेंबरच्या पुरात चेन्नई बुडाली, म्हणून घरचा उपांत्य सामना पुण्यात बालेवाडीला खेळावा लागला. तिथे कोलकात्याला 3-0 ने हरवलं. 2016 चा हंगाम मात्र वाईट गेला आणि मग तो परतला.

20 डिसेंबर 2015 ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानात चेन्नईयनविरुद्धच्या अंतिम सामन्याला मी होतो, एफसी गोवाचा शर्ट घालून. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक आत गेली आणि आम्ही 2-1 ने पुढे. शेजारचे काका रडत होते, अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. नव्वदाव्या मिनिटाला आमच्याच गोलकीपर कट्टीमनीचा स्वयंगोल. दोन मिनिटांत चेन्नईयनच्या मेंडोझाचा गोल. 2-3. संपलं.

आठ-दहा मिनिटं खुर्चीवरून उठवलं नाही. भाच्याला हेही सांगितलं. त्या रात्री मटेराझीला माझ्याइतक्या शिव्या कोणी घातल्या नसतील, पण ‘सुमार’ म्हणायचं मनातही आलं नाही.